गारपीट, वाऱ्यांची गांठ आणि आपलें कर्तव्य

गहूं कापणीस आला, हरभरा खळ्यावर पडला, द्राक्षांत गोडी भरली, कीं नेमकें त्याच वेळीं आभाळ भरून येतें. सन २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें विदर्भ, मराठवाडा व मध्य महाराष्ट्र यांवर कोसळलेली गारपीट शेतकरीवर्ग विसरलेला नाहीं. परंतु अशा संकटास केवळ दैवाचा कोप म्हणून स्वस्थ बसणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

थंड व कोरडी हवा जड असते. उबदार व दमट हवा हलकी. दोहोंची गांठ पडली असतां त्या सहजासहजीं मिसळत नाहींत. जड हवा पाचरीप्रमाणें खालीं शिरते व हलकीस वर उचलते. वर जातांना ती निवते, वाफेचे ढग बनतात आणि वादळ उठतें. या सीमेस नॉर्वेंतील बर्गेन येथील शास्त्रज्ञांनीं रणांगणावरील ‘आघाडी’चें नांव दिलें, पहिलें महायुद्ध तेव्हां नुकतेंच संपलें होतें. या शोधाचें मूळ शेतीच्या गरजेंत आहे. १९१८ सालीं तेथें धान्याची टंचाई असतां, शेतकऱ्यांस हवेचा अंदाज मिळावा म्हणून विल्हेल्म ब्येर्कनेस यांनीं निरीक्षणाचीं ठाणीं पुष्कळ वाढविलीं. त्या दाट नोंदींतूनच पुढें ही सीमा स्पष्ट झाली.

आपल्याकडे युरोपांतल्यासारखी रेखीव आघाडी सहसा नसते. तत्त्व मात्र तेंच. भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांमुळें उंचावर थंड, कोरडे वारे वाहतात. खालीं बंगालच्या उपसागरावरून वा अरबी समुद्रावरून दमट वारे येतात. त्यांत उन्हानें जमीन तापलेली. मग हवा वेगानें वर उसळते, जलबिंदु गोठणाऱ्या उंचीवर जातात आणि गारा बनून पिकावर आदळतात.

शेंकडों मैलांवरून आलेल्या वाऱ्यांची ही झुंज तोफेच्या आवाजानें थांबेल काय? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रिया व इटलींत गारा रोखण्यासाठीं तोफा डागून पाहिल्या. परीक्षेंत तो उपाय टिकला नाहीं. अशा यंत्रांवर पैसा घालण्यापेक्षां द्राक्षबागेवर गारारोधक जाळी घालणें शहाणपणाचें होय.

झुंज थांबवितां येत नाहीं. पण तिची चाहूल लागूं शकते. हवामान खात्याचा इशारा एकदोन दिवस आधीं मिळतो. तेवढ्यांत खळ्यावरचा माल झांकतां येतो, तयार पीक काढतां येतें, गुरें आडोशास बांधतां येतात. गांवोगांवच्या सोसायट्यांनीं हा इशारा रोज फलकावर लिहावा आणि पाऊस, वारा व गारा यांची तारीखवार वही ठेवावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. विक्षोभ दूरचा कळतो. गार कोणत्या शिवारांत पडते, हें मात्र शिवारांतल्या नोंदीवांचून कळणार नाहीं. नॉर्वेच्या शेतीस जें दाट नोंदींनीं लाभलें, तें आपणांसहि फुकट लाभणार नाहीं.