साथीचे गणित आणि वस्तीचा आकडा

साथ आली की वर्तमानपत्रांत आलेख झळकू लागतात. रुग्णसंख्या कधी शिगेला जाईल, कधी उतरेल, हे तज्ज्ञ सांगतात. आपला माणूस 'हे मोठ्यांचे गणित' म्हणून पान उलटतो. ते उलटू नये. या गणिताची कसोटी मुंबईच्या मृत्यूंवरच लागलेली आहे.

1896 साली मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आढळला. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता 10 मार्च 1897 रोजी सावित्रीमाई गेल्या. मुंबईत हा रोग वर्षानुवर्षे ठाण मांडून राहिला. 1905-06 च्या साथीत दर आठवड्याला किती माणसे मेली, याची नोंद झाली. 1927 मध्ये कर्मॅक आणि मॅक्केन्ड्रिक यांनी तेच आकडे घेऊन आपले सूत्र ताडून पाहिले. लागण होऊ शकणारे, लागण झालेले, आणि बरे झालेले वा मेलेले असे लोकांचे गट करायचे. एका गटातून दुसऱ्यात माणसे किती वेगाने जातात ते मोजायचे. लागण होऊ शकणाऱ्यांची दाटी एका मर्यादेखाली आली की साथ ओसरते, हेही त्यांनी दाखवले. आजची कितीतरी प्रतिमाने याच पायावर उभी आहेत.

पण त्या सूत्रात एक गृहीतक आहे: प्रत्येक माणूस प्रत्येकाला सारखाच भेटतो. जातीच्या देशात हे कोण मान्य करील?

जुलै 2020 मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्ततपासणीचे सर्वेक्षण झाले. झोपडपट्टीतील सुमारे 57 टक्के लोकांत कोरोनाची प्रतिपिंडे सापडली; झोपडपट्टीबाहेर सुमारे 16 टक्के. या दोहोंची सरासरी काढली तर दोन्ही सत्ये बुडतात. एका संडासापुढे रांग लावणाऱ्यांना 'अंतर राखा' सांगून काय होणार? (आणि शब्द तरी कोणता निवडला, 'सोशल डिस्टन्सिंग'! ते अंतर तर आमच्या पिढ्यान्पिढ्यांनी सोसले.)

साथरोगशास्त्र विचारते: कोण आजारी पडले, कुठे, केव्हा. गणित सांगते: पुढे काय होईल. सार्वजनिक आरोग्य व्यवस्था त्यावरून ठरवते: नळ, खाट, लस कुठे पोहोचवायची. ज्याची चाचणीच झाली नाही, तो रुग्णांच्या यादीत येत नाही. मग गणित बरोबर असूनही उत्तर चुकते, आणि खाट दुसऱ्याच्या दारी जाते. दोष सूत्राचा कमी, मोजणाऱ्याचा जास्त.

म्हणून रुग्ण आणि मृत्यूंचे आकडे वॉर्डनिहाय नव्हे, वस्तीनिहाय हवेत. सफाई कामगारांची नोंद वेगळी हवी, कंत्राटी कामगार धरून. माहिती अधिकाराचा कायदा 2005 पासून आपल्या हाती आहे. कार्यकर्त्यांनी पुढची साथ येण्यापूर्वीच महापालिकेकडे अर्ज टाकून ही आकडेवारी मागावी, आणि ती ठेवलीच जात नसेल तर तसे लेखी उत्तर घ्यावे.