दरेकशाला उतरणार कोण?

नवरात्र आले की वरठीच्या भंडारा रोड स्थानकावर डोंगरगडला निघालेल्या भाविकांची रीघ लागते. बम्लेश्वरीच्या दर्शनाला जाणारी ही मंडळी गोंदियाच्या पुढे सालेकसा व दरेकसा ही स्थानके ओलांडून, डोंगर आणि बोगदे मागे टाकून छत्तीसगडात शिरतात. याच दरेकशाच्या परिसरात, धनेगावच्या वरच्या डोंगरात, कचारगडची प्रचंड नैसर्गिक गुहा आहे. कली कंकाली मातेची या गुहेत कोंडलेली मुले पारी कुपार लिंगोने मुक्त केली आणि त्यांना कोया पुनेमची दीक्षा दिली, अशी गोंड समाजाची श्रद्धा आहे. माघ पौर्णिमेच्या जत्रेला महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि तेलंगणातून लाखो आदिवासी भाविक येथे येतात. आमच्या भंडाऱ्यातील सुशिक्षित गृहस्थास मात्र कचारगडचे नाव काढताच एकच शंका सुचते: ‘तो नक्षलग्रस्त भाग ना?’ त्याच अरण्यपट्ट्यातून हा गृहस्थ डोंगरगडला सहकुटुंब, निःशंक मनाने जाऊन येतो, हे त्याच्या ध्यानीही येत नाही. सालेकसा तालुका १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत भंडारा जिल्ह्यातच होता, याचाही त्याला विसर पडलेला असतो.

ही भीती सर्वस्वी निराधार होती, असे कोणी म्हणणार नाही. बालाघाट व राजनांदगाव यांना लागून असलेला हा तीन राज्यांच्या सीमेवरचा मुलूख सशस्त्र दलमांना अनेक वर्षे सोयीचा ठरला. पोलिसांचे व निरपराध गावकऱ्यांचे बळी गेले. आज चित्र बरेच पालटले आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता भूपती याने गडचिरोलीत साठ साथीदारांसह शस्त्रे खाली ठेवली. तथापि शरणागतीच्या एका समारंभाने अरण्य निर्भय होत नसते, आणि वर्तमानपत्रातील मथळा वाचून कोणी प्रवासाची आखणी करू नये, हे आम्ही वर्तमानपत्रातूनच सांगतो आहोत.

मग आखणी करावी ती कशाच्या आधारे? खरा प्रश्न येथे आहे. जत्रेच्या दिवसांत बंदोबस्त असतो, जाणकार भाविकांची सोबत असते. एरव्ही येऊ पाहणाऱ्याने रस्ता कसा आहे, परतीचे वाहन किती वाजता मिळेल, कोणत्या पायवाटेने जाऊ नये, हे कोणाला विचारावे? नक्षलग्रस्त म्हणून घोषित भागात शासन आपल्या कर्मचाऱ्यांना प्रोत्साहन भत्ता देते. प्रवाशाच्या वाट्याला मात्र नुसता शिक्का येतो. कोणीतरी अधिकारवाणीने ‘जा’ अथवा ‘आज जाऊ नका’ म्हणावयास हवे. ते म्हटले जात नाही म्हणून अफवेचे फावते, आणि धनेगावसारख्या गावाचा हक्काचा रोजगार बुडतो.

प्रवाशानेही काही पथ्ये पाळावयास हवीत. सकाळच्या गाडीने जावे, गावातील माणूस वाटाड्या म्हणून घ्यावा, त्याचे मोल घासाघीस न करता द्यावे आणि सूर्यास्तापूर्वी डोंगर उतरावा. त्याहून महत्त्वाचे हे की, कचारगड हे सहलीचे ठिकाण नव्हे. जवळच्या हाजरा फॉलला पावसाळ्यात तरुणांचे जथे जातात; त्या वृत्तीने कोणी या गुहेत शिरू नये. जेथे दुसऱ्या समाजाचे दैवत आहे, तेथील रीत आधी विचारून घ्यावी.

जिल्हे दोन झाले, तरी एस. टी.चा भंडारा विभाग दोन्ही जिल्ह्यांना अजून एकच आहे. हिवाळ्यातील रविवारी भंडाऱ्याहून धनेगावपर्यंत जाऊन संध्याकाळी परत येणारी एक गाडी त्याने सुरू करून पाहावी, आणि त्या दिवशीची वाटेची स्थिती सालेकशाच्या पोलीस ठाण्याकडून विचारून आदल्या सायंकाळी आगाराच्या फलकावर लिहावी. त्यासाठी निधी लागत नाही, खडू पुरतो.