कामगार वसाहतीतील एकाकी संसार

1985 च्या नोव्हेंबर महिन्यात राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते वाळूजच्या माळावर बजाज ऑटोच्या कारखान्याचे उद्घाटन झाले, तेव्हापासून बीड, जालना, परभणी, बुलढाणा या जिल्ह्यांतील कोरडवाहू खेड्यांतून आयटीआयचे प्रमाणपत्र घेऊन निघालेल्या तरुणांचा ओघ या भागाकडे लागला. आणि त्या कारखान्याच्या व त्याच्या पाठोपाठ उभ्या राहिलेल्या लहानमोठ्या उद्योगांच्या आश्रयाने नगर रस्त्याच्या कडेला वाढत गेलेले बजाजनगर हे मराठवाड्याच्या चाळीस वर्षांतील उत्कर्षाचे एक ठळक चिन्ह ठरले. हा उत्कर्ष खरा आहे. दुष्काळी गावातून आलेल्या माणसाने दरमहाच्या पगारावर गावचे कर्ज फेडले, बहिणींची लग्ने लावली, मुलांना इंजिनीयर केले, त्याचे मोल कोणीही कमी लेखू नये. परंतु या साऱ्या जमाखर्चात एक रक्कम कधी मांडलीच गेली नाही, आणि ती म्हणजे या संसारांच्या वाट्याला आलेले एकाकीपण.

रात्रपाळी करून आलेल्या कामगाराचे घर सकाळी आठच्या सुमारास कसे असते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना याविषयी अधिक सांगावे लागणार नाही. दोन खोल्यांपैकी आतल्या खोलीच्या खिडकीवर जाड चादर टाकलेली असते. कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून भात पातेल्यात शिजतो. धाकटे मूल रडू लागले की त्याला कडेवर घेऊन गृहिणी जिन्यावर जाऊन बसते, आणि गावाकडून आईचा फोन आला तर तोही गच्चीवर जाऊन दबलेल्या आवाजात घेते. दुपारी नवरा उठतो, जेवतो, आणि मुले शाळेतून येऊन अभ्यासाला बसेपर्यंत त्याची कंपनीच्या बसकडे निघण्याची तयारी सुरू झालेली असते. पाळी बदलून दुसरी लागली म्हणजे मुले झोपल्यावर तो घरी येतो आणि मुले शाळेत गेल्यावर उठतो, असा सारा आठवडा जातो. ज्या घरात पतिपत्नी एका छपराखाली राहूनही एका वेळी जागी नसतात, त्या घरातील स्त्रीने चार शब्द बोलावेत तरी कोणाशी? सासू गावी शेत सांभाळते, माहेर एसटीने पाच तासांवर, आणि शेजारच्या भाड्याच्या खोलीतील कुटुंब कंत्राट संपले की बिऱ्हाड हलवणारे, त्यामुळे ओळख मुरण्यापूर्वीच शेजार बदलतो.

मनाचे दुखणे येथे मनाचे म्हणून कधीच पुढे येत नाही. झोप लागत नाही, छातीत धडधडते, डोके जड राहते, हातापायांना मुंग्या येतात, अशा तक्रारी घेऊन ती स्त्री गल्लीतील दवाखान्यात जाते, सलाइन व ताकदीच्या गोळ्या घेऊन परतते, आणि गुण येत नाही म्हणून कोणी नजर उतरवण्याचा सल्ला दिला तर तोही मानते. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे म्हणजे वेडाचा शिक्का बसणे, ही समजूत शिकल्यासवरल्या घरांतूनही अजून उठलेली नाही. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत निरनिराळ्या मानसिक विकारांच्या शंभर रुग्णांपैकी सत्तर ते ब्याण्णव उपचारांविना राहतात असे आढळले. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण आपली स्थिती फार निराळी असेल असे मानण्यास आधार दिसत नाही.

पुरुषांचे दुःख आणखी मुके. 1985 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत विशी-पंचविशीत येथे आलेली पिढी आता निवृत्त झाली आहे. तिची मुले पुण्याला हिंजवडीत किंवा त्याहूनही दूर आहेत. गावी परतावे तर भावकीत वाटण्या होऊन गेल्या, आणि येथे राहावे तर ज्या पाळीच्या भोंग्यावर आयुष्य बांधले होते तो आपल्यासाठी वाजत नाही. तीस-पस्तीस वर्षे यंत्राच्या खडखडाटात काढलेल्या या माणसांना गप्पा मारण्याची सवयच राहिलेली नाही. आषाढी एकादशीला छोट्या पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरापुढे रांगा लागतात तेव्हा ही सारी मंडळी एकमेकांना भेटतात, आस्थेने चौकशी करतात, आणि मग पुन्हा पुढच्या आषाढीपर्यंत आपापल्या घरात बंदिस्त होतात. एका खोलीत सहा-सहा जण राहणाऱ्या तरुण कंत्राटी कामगारांची गोष्ट वेगळी, पण त्यांना तरी गर्दीचा आधार मिळतो असे नाही.

एकटेपण हा आजार नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. पण दीर्घकाळ साचून राहिले तर त्यातून आजार उद्भवतात, आणि म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये यासाठी स्वतंत्र आयोग नेमला. ब्रिटनने 2018 मध्ये आणि जपानने 2021 मध्ये या विषयाची जबाबदारी मंत्र्याकडे सोपवली. आपल्याकडे मात्र कुटुंबव्यवस्था भक्कम असल्यामुळे हा प्रश्न आपला नाही, असे अभिमानाने सांगितले जाते. तो अभिमान गावच्या वाड्यात कदाचित शोभला असता. पाळीच्या वेळापत्रकाने ज्या कुटुंबाची फाळणी केली आहे त्याला तो उपयोगी नाही. माझे स्पष्ट मत असे की, हे एकाकीपण त्या स्त्रीच्या स्वभावातून किंवा त्या निवृत्त कामगाराच्या दुर्बलतेतून आलेले नसून कामाच्या रचनेतून आलेले आहे, आणि म्हणून त्याच्या निवारणाचा भार एकट्या घरावर टाकणे अन्यायाचे आहे.

निवारण दुष्कर आहे असेही नाही. आपल्या शेजारी गोव्यात 1996 मध्ये स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने सामान्य, डॉक्टर नसलेल्या कार्यकर्त्यांना समुपदेशनाचे शिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवले. 2010 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या तिच्या प्रयोगात असे दिसले की सरकारी केंद्रांतील खिन्नता व चिंतेने ग्रासलेले रुग्ण अशा साहाय्याने अधिक संख्येने बरे झाले. झिंबाब्वेची राजधानी हरारे येथे डॉ. डिक्सन चिबांडा यांनी 2006 पासून दवाखान्याच्या आवारात झाडाखाली बाक मांडून वस्तीतल्याच आजीबाईंना ऐकण्याचे शिक्षण दिले, आणि तेथेही परीक्षणांती गुण आल्याचे सिद्ध झाले. ज्या वसाहतीत बचतगटांच्या स्त्रिया आहेत, आशाताई आहेत, भजनी मंडळे आहेत, आणि मोकळा वेळ असलेले निवृत्त कामगार गल्लीगल्लीत आहेत, तेथे अशी योजना उभी राहण्यास माणसांची वाण पडू नये.

उणीव आहे ती तजविजीची. पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमण्याचे बंधन 1948 च्या कारखाने अधिनियमानेच घातले. कामगार कल्याण मंडळ राज्यात 1953 पासून आहे. कंपन्यांना सामाजिक दायित्वाचा निधी आरोग्यावर खर्च करण्याची मुभा आहे. रात्रपाळीच्या घरातील स्त्रीला मुलासह दुपारचे दोन तास बसता येईल अशी एक खोली, तेथे शिक्षण घेतलेल्या दोन बायका, आठवड्यातून एकदा येणारा मानसोपचारतज्ज्ञ, आणि पुढच्या महिन्याच्या पाळ्या कामगाराला पुरेशा आधी कळवण्याचा शिरस्ता: इतक्यानेही पुष्कळ साधेल.

वडगाव कोल्हाटी-बजाजनगर ग्रामपंचायतीने येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा आणि वाळूजच्या कारखानदारांनी त्या सभेला आपले अधिकारी धाडावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. तोपर्यंत ज्याला आज रात्रीच कोणाशी तरी बोलण्याची निकड आहे त्याने केंद्र शासनाच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक फिरवावा. ही सेवा विनामूल्य असून रात्रपाळीच्या वेळीही चालू असते.