मागच्यांसाठी थांबणारी धाव



आमच्या सांवेरच्या सकाळी फिरणाऱ्या मंडळात हल्ली सगळे एकमेकांना मनगटावरचं घड्याळ दाखवतात. कुणाची किती पावलं झाली! आमची सौ. गुडघ्यांमुळे मागे पडायची. दोन-तीनदा एकटीच राहिली, मग तिने येणंच सोडलं. परवा तिचे नवेकोरे बूट कोपऱ्यात पडलेले दिसले आणि अमेरिकेतली एक धाव आठवली.

थँक्सगिव्हिंग म्हणजे नोव्हेंबरचा चौथा गुरुवार. काही वर्षांपूर्वी त्याच्या आधीच्या रविवारी लेक-जावई आम्हाला न्यू जर्सीतल्या एका जंगलात घेऊन गेले. 'हॅश' नावाचा प्रकार होता. एक जण 'ससा' होतो आणि पिठाच्या खुणा टाकत पुढे जातो. बाकीचे त्या शोधत पळतात. सौ. म्हणाली, "अहो, जंगलात रांगोळी कुणी घातली?"

गंमत अशी, की ससा मुद्दाम खोट्या वाटाही काढतो. जोरात पळणारे त्यांत फसतात, परत फिरतात, तोवर मागचे येऊन पोचतात. बक्षीस नाही की पहिला नंबर नाही. शेवटी सगळ्यांचं एकत्र खाणंपिणं. त्यांच्या हातात बिअर, आमच्या हातात सफरचंदाचा गरम रस!

हा खेळ १९३८ साली क्वालालंपूरला गिस्पर्ट नावाच्या अकाउंटंटने मित्रांसोबत सुरू केला. मी जन्मभर बँकेत ताळेबंद जुळवले, त्यामुळे मला याचं फार कौतुक वाटलं. आकड्यांतल्या माणसाने खेळ काढला, आणि त्यात आकडेच मोजायचे नाहीत!

पण आपल्याकडे हे नव्हतं का? कार्तिकातलं आवळीभोजन आठवा. तेही साधारण याच दिवसांत. डबे घेऊन अख्खं घर आवळ्याच्या झाडाखाली जायचं, आणि आजीची चाल तीच सगळ्यांची चाल असायची.

व्यायाम हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या फिरण्यात घरचं माणूस मागे राहतं, तो व्यवहार तोट्याचा, असं माझं स्पष्ट मत आहे.

तर येत्या कार्तिकात गावाबाहेर आवळीभोजनाला जाऊ या. पिठाच्या खुणा मी टाकीन, खोट्या वाटांसकट. उरलेलं पीठ मुंग्या खातील. सौ. येते म्हणालीय. तुम्हीही या, फक्त घड्याळं घरी ठेवून या.