जागेअभावी

आमची शाळा खाजगी. तिची स्मरणिका यंदाही दिवाळीच्या तोंडावर आली. मागली बारा पाने माजी विद्यार्थ्यांच्या ख्यालीखुशालीची. कोणी अमेरिकेत, कोणी बँकेत मॅनेजर, कोणाचा बंगला. वाचून वाटावे, ही शाळा की कल्पवृक्ष! आमच्या वर्गात चाळीस मुले होती. सदरात सापडली नऊ. बाकीची एकतीस कुठे गेली हो?

एक माझ्या घरासमोर आहे. पिठाची गिरणी चालवतो. गणितात आम्हां सर्वांच्या पुढे. पण वडील अंथरुणाला खिळले नि कॉलेज राहिले. पाठच्या दोन बहिणींना त्याने शिकवले. ही हकीकत त्याने कळवली होती. ती 'जागेअभावी' गळाली. एकाच्या नव्या मोटारीच्या छायाचित्राला मात्र अर्धे पान मिळाले!

आमच्या दर समारंभात न्यू इंग्लिश स्कूलच्या संस्थापकांचा जयघोष होतो. त्यांची खुशाली काय होती? चिपळूणकरांनी १८७९ साली सरकारी नोकरी सोडली. टिळक त्याच वर्षी एल्एल. बी. झाले, आणि वकिलीऐवजी १८८० मध्ये पुण्यात ती खाजगी शाळा काढून शिकवू लागले. आमच्या संपादकांनी हेही वगळलेच असते.

संपादकमहाशय, वर्गणीसोबत त्याची हकीकत पुन्हा धाडली आहे. तो नको नको म्हणत होता. मीच ऐकले नाही. छापणार नसाल तर वर्गणी परत करा. माझी दळणाची उधारी थकली आहे.