'हरवलेले' गाणे आणि न विचारलेले नाव

गेल्या तीनेक दशकांत जगाच्या संगीतव्यवहारात एका नव्या नायकाचा उदय झाला आहे. तो गायक नाही, वादकही नाही. तो 'शोधक' आहे. जुन्या बाजारातील तबकड्यांच्या ढिगातून १९६०-७०च्या दशकांतील एखादा विस्मृत सायकेडेलिक रॉकचा वा लोकसंगीताचा अल्बम तो हुडकून काढतो. अल्बमचे पुनःप्रकाशन होते. आणि सोबतच्या पुस्तिकेत कलावंताच्या चरित्राइतकीच शोधकाच्या परिश्रमांची कथा रंगते. या व्यवहाराने घडविलेली 'हरवलेले', 'दुर्मीळ', 'पुनःशोध' ही परिभाषा लोकसाहित्याच्या मराठी अभ्यासाला परकी नाही. 'लोप पावत चाललेला ठेवा', 'काळाच्या उदरातून वाचविलेले धन' हे तिचे देशी अवतार संकलनांच्या प्रस्तावनांतून कितीतरी आधीपासून वावरत आहेत. म्हणून या परिभाषेची तपासणी ही केवळ हौशी संग्राहकांची बाब राहत नाही. ती समीक्षेची बाब ठरते.

मुद्दा दुहेरी आहे. पहिला असा की, 'हरवलेले' हे गाण्याचे लक्षण नसून ऐकणाऱ्याच्या बहिरेपणाचे वर्णन आहे. दुसरा, अधिक अडचणीचा मुद्दा असा की, ज्या तबकडीसंग्राहकाची बाजारू म्हणून हेटाळणी करणे विद्यापीठीय अभ्यासकाला सोपे वाटते, त्या संग्राहकाजवळ एक शिस्त आहे. आणि मराठी लोकसाहित्य-अभ्यासाने ती प्रायः अंगीकारलेली नाही. ती शिस्त म्हणजे गाणाऱ्याचे नाव लिहिण्याची.

१

प्रथम 'हरवणे' म्हणजे काय ते पाहू. डेट्रॉइटचा गायक सिक्स्टो रॉड्रिगेज याचा 'कोल्ड फॅक्ट' हा अल्बम १९७०मध्ये निघाला आणि अमेरिकेत दुर्लक्षित राहिला. तोच अल्बम वर्णभेदी राजवटीतील दक्षिण आफ्रिकेत तरुण पिढीच्या तोंडी बसला. तेथील चाहत्यांनी गायक मृत्यू पावल्याच्या कहाण्या ऐकल्या होत्या. १९९७मध्ये त्याचा ठावठिकाणा लागला तेव्हा कळले, की तो डेट्रॉइटमध्येच राहत होता आणि बांधकामाची व पाडकामाची अंगमेहनतीची कामे करून पोट भरत होता. पुढे २०१२च्या 'सर्चिंग फॉर शुगर मॅन' या माहितीपटाने ही कथा जगभर नेली. तात्पर्य, गायक हरवलेला नव्हता; तो कामावर गेलेला होता.

मुंबईचे उदाहरण याहून बोलके आहे. हिंदी चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग यांनी १९८२मध्ये इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर दहा रागांचे ध्वनिमुद्रण केले. ग्रामोफोन कंपनीने ते प्रकाशित केले आणि त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. २००२मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला ती तबकडी दिल्लीत मिळाली. २०१०मध्ये तिचे पुनःप्रकाशन झाले. आणि शिकागोत पुढे उदयास आलेल्या 'अॅसिड हाउस' शैलीचा पूर्वावतार म्हणून तिची चर्चा सुरू झाली. चरणजित सिंग या सर्व काळात मुंबईतच होते. २०१५मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. ज्या शहरात मराठी वृत्तपत्रे, विद्यापीठे आणि संगीतसभा यांची वाण नाही, त्या शहरातील माणसाला शोधावे लागले ते परदेशी कानाला. अॅटॉमिक फॉरेस्ट या मुंबईच्याच रॉकसमूहाचे ध्वनिमुद्रणही २०११मध्ये लॉस एंजलिसच्या प्रकाशनसंस्थेकडून पुन्हा प्रकाशात आले. या घटनांना 'पुनःशोध' म्हणणे म्हणजे एतद्देशीय उदासीनतेवर एक गौरवास्पद शब्द पांघरणे होय.

तथापि या व्यवहाराला केवळ वसाहतवादी लूट ठरवून मोकळे होणेही तितकेच आळशी आहे. रॉड्रिगेज सापडला त्यात एका गावनावाचा वाटा होता. त्याच्या एका गीतात डेट्रॉइटलगतच्या डिअरबॉर्न या गावाचा उल्लेख होता, आणि चाहत्यांनी तो धागा धरला. त्याआधी १९६३मध्ये मिसिसिपी जॉन हर्ट या कृष्णवर्णीय लोकगायकाचा ठिकाणाही असाच लागला होता. १९२८च्या त्याच्या एका ध्वनिमुद्रणात अॅव्हलॉन या त्याच्या गावाचे नाव आले होते. गाण्यातील स्थलनाम हा येथे काव्यालंकार राहिला नाही. तो पत्ता झाला. ज्याने गाणे उतरवून घेताना हे नाव 'केवळ स्थानिक तपशील' म्हणून गाळले असते, त्याने गायकाकडे जाणारी वाटच पुसली असती.

२

नेमकी ही पुसापुशी मराठी लोकसाहित्य-संकलनांत किती वेळा झाली आहे? हॅरी स्मिथ याने १९५२मध्ये 'अँथॉलॉजी ऑफ अमेरिकन फोक म्युझिक' हे ८४ ध्वनिमुद्रणांचे संकलन सिद्ध केले. स्मिथ हा गूढविद्येचा नादिष्ट, विक्षिप्त माणूस. विद्यापीठीय शिस्तीशी त्याचे सख्य नव्हते. तरीही त्याच्या पुस्तिकेत ध्वनिमुद्रणागणिक गायक-वादकाचे नाव, मुद्रणाचा काळ आणि मूळ तबकडीचा क्रमांक दिलेला आहे. आपल्याकडील लोकगीतांचे कोणतेही सर्वसामान्य संकलन याशेजारी ठेवून पाहावे. गीताच्या वर 'पेरणीचे गीत', 'लग्नगीत', 'होळीगीत' असे शीर्षक असते. खाली शब्दार्थ असतात. क्वचित जमातीचे नाव असते. कोणी गायले, कोणत्या पाड्यावर, कोणत्या महिन्यात, कोणासमोर, यांतील काहीही बहुधा नसते. संकलकाचे नाव मात्र मुखपृष्ठावर असते.

या लोपामागे एक तात्त्विक समर्थन उभे केले जाते: लोकप्रतिभा सामूहिक असते, तेथे व्यक्तीचे नाव अप्रस्तुत आहे. हे समर्थन वरवर उदार आहे. वस्तुतः ते दोन भिन्न गोष्टींची सरमिसळ करते. गीताची रचना सामूहिक असू शकते, पण गाणे ही घटना व्यक्तीची असते. ज्या बाईने विशिष्ट रात्री ते गीत विशिष्ट क्रमाने गायले, दोन कडवी गाळली, एक नवे घातले, ती 'समूह' नव्हे. कीर्तनकाराचे आख्यान परंपरागत असते म्हणून त्याचे नाव पत्रिकेतून वगळले जात नाही. घराणेदार गायकाची बंदिश परंपरागत असते म्हणून मैफल निनावी होत नाही. मग निनावीपणाचा हा नियम आदिवासी आणि श्रमिक गायकांपुरताच तत्त्व म्हणून का मिरवावा?

असे होणे अपरिहार्य होते, हेही खरे नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्याहून चालविलेल्या जात्यावरील ओव्यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या, आणि त्या गाणाऱ्या स्त्रियांच्या नावागावांसह नोंदविल्या गेल्या. पुढे ध्वनिमुद्रणेही झाली. ओवी ही लोकगीतांतील सर्वाधिक 'सामूहिक' मानली गेलेली रचना. तिच्या बाबतीत जे शक्य झाले ते इतरत्र अशक्य होते, असे कोणत्या तोंडाने म्हणावे? १९८०नंतर गाजलेल्या देशीयतेच्या चर्चेनेही या प्रश्नाला हात घातला नाही. तिने मातीचा गौरव केला, परंपरेचे ऋण मान्य केले. पण त्या मातीतल्या गाणाऱ्याचे नाव विचारण्याची पद्धती तिच्यातून निष्पन्न झाली नाही.

३

हा वाद हवेत राहू नये म्हणून नंदुरबार जिल्ह्याकडे पाहणे आवश्यक आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. भिली, पावरी, मावची, कोकणी, अहिराणी अशा भाषांत येथे गायले जाते. अक्कलकुवा तालुक्यातील काठीच्या राजवाडी होळीला सातपुड्यातील पाड्यापाड्यांवरून माणसे येतात; रात्रभर मोठे ढोल वाजतात; कमरेला भोपळे नि घुंगरू बांधलेले बुध्या नाचतात आणि पहाटे होळी पेटते. या बुध्यांनी त्याआधी काही दिवस कडक व्रत पाळलेले असते. नवापूरकडे डोंगऱ्या देवाच्या उत्सवात पावरी हे भोपळ्याचे सुषिर वाद्य रात्र जागवते, तर मावचींच्या रोडालीत गाणे आणि नाच वेगळे काढता येत नाहीत.

अशा नादाला 'सायकेडेलिक' म्हणण्याचा मोह शहरी श्रोत्याला होतो. हा शब्द हम्फ्री ऑस्मंड या मनोविकारतज्ज्ञाने १९५६मध्ये, काही औषधांनी येणाऱ्या अनुभवासाठी, बनविला. पुढे तो एका संगीतशैलीचे नाव झाला, आणि त्या शैलीपुरता तो सार्थ आहे. परंतु काठीच्या ढोलाला तो चिकटविला की व्रत नाहीसे होते, फाल्गुन नाहीसा होतो, पाडा नाहीसा होतो. उरते ती केवळ ऐकणाऱ्याला आलेली झिंग. 'आदिम', 'निसर्गपुत्रांचे गाणे' ही आपली विशेषणेही याच जातीची आहेत. दोन्हींत वर्णन आहे ते ऐकणाऱ्याचे.

पण नंदुरबारचे खरे 'विस्मृत अल्बम' होळीत नाहीत. ते कॅसेटमध्ये आहेत. पीटर मॅन्युएल यांनी 'कॅसेट कल्चर' (१९९३) या ग्रंथात उत्तर भारताविषयी जे दाखविले ते येथेही लागू पडते: कॅसेटमुळे ध्वनिमुद्रण स्वस्त झाले आणि मोठ्या कंपन्यांच्या खिजगणतीत नसलेल्या बोलींचे गाणे बाजारात आले. अहिराणी लग्नगीते, भिली गाणी आणि दक्षिण गुजरातेपासून खानदेशापर्यंत लग्नांत वाजणारी टिमली यांत कॅसिओ, बँजो आणि ढोल एकत्र आले. लोकसाहित्याच्या अभ्यासकाने याकडे 'बाटलेले' म्हणून पाठ फिरविली. उद्या एखादा परदेशी संग्राहक या कॅसेटी शोधत आला, तर तो नेमक्या याच मिश्रणासाठी येईल. आणि त्या दिवशी विद्यापीठांतून 'आपला ठेवा परदेशात चालला' असा गहिवर ऐकू येईल. तोपर्यंत फीत चिकटून गेलेली असेल आणि वेष्टनाचा कागद, म्हणजे वादकाचे नाव असण्याची एकमेव जागा, केव्हाच फाटलेला असेल.

येथे प्रश्न केवळ अभ्यासाच्या नेटकेपणाचा उरत नाही. सरदार सरोवराच्या जलाशयाने महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली. ती सर्व अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील नर्मदाकाठची. १९९०च्या दशकारंभी मणिबेलीपासून बुडित सुरू झाले. २०१७मध्ये धरण १३८.६८ मीटर या पूर्ण उंचीसह राष्ट्रार्पण झाले. माणसे वसाहतींत विखुरली. अशा प्रदेशातील गाण्यात आलेले नदीचे वळण, देवाचे ठाणे, पाड्याचे नाव हे आता नकाशावर शोधून सापडणारे नाही. डिअरबॉर्न आणि अॅव्हलॉन ही गावे जागेवर होती, म्हणून गाण्यातून गावाकडे जाता आले. बुडालेल्या पाड्याचा पत्ता गाण्यातच उरतो. ते गाणे 'पारंपरिक भिल्ल गीत' या मथळ्याखाली, स्थलनाम गाळून, भाषा प्रमाण मराठीकडे झुकवून छापणे म्हणजे त्या पाड्याला कागदावरही बुडविणे आहे. शहादा तालुक्याचे कवी वाहरू सोनवणे यांनी 'गोधड' (१९८७) या संग्रहातून आदिवासींचे दुःख दुसऱ्यांनी मंचावरून सांगण्याविषयी जे बजावले होते, ते ग्रंथांच्या मुखपृष्ठांनाही तितकेच लागू आहे.

४

या भूमिकेवर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा, की नावाचा आग्रह म्हणजे मध्यमवर्गीय 'लेखक'कल्पना आदिवासी संस्कृतीवर लादणे होय. याचे उत्तर वर आलेच आहे: मागणी रचनाकाराच्या नावाची नसून गाणाऱ्याच्या नावाची आहे. भारतीय कायद्यानेही हा भेद मानला आहे. १९९४च्या दुरुस्तीने प्रतिलिप्यधिकार कायद्यात गायक-वादकांचे हक्क आले, आणि २०१२च्या दुरुस्तीने आपल्या सादरीकरणाचे कर्तेपण नावानिशी सांगितले जाण्याचा हक्कही आला. तेव्हा वेष्टनावरचा 'पारंपरिक' हा शब्द निरागस नाही. तो गीताच्या रचनेविषयी खरे बोलतो आणि त्याच दमात गाणाऱ्याच्या हक्काविषयी मौन पाळतो.

दुसरा आक्षेप: संकलक नसता तर हे गाणे उरलेच नसते. हे कृतज्ञतेने मान्य करावे. परंतु जतन केल्याने जतन करणाऱ्याला दुसऱ्याचे नाव पुसण्याचा अधिकार प्राप्त होत नाही. तिसरा आक्षेप व्यावहारिक आहे: गायकच नाव सांगू इच्छित नसेल तर? तर तसे लिहावे. 'नाव देण्यास गायिकेची इच्छा नाही' ही नोंद आणि रिकामी जागा यांत मूल्यभेद आहे. पहिलीत तिचा निर्णय आहे, दुसरीत आपली बेपर्वाई.

यातून निघणाऱ्या अपेक्षा फार मोठ्या नाहीत. लोकगीतावरील कोणताही प्रबंध गाणाऱ्याचे नाव, पाडा, भाषा, प्रसंग, दिनांक आणि संमती यांच्या नोंदीविना स्वीकारला जाऊ नये. छापील संहितेत बोलीचे रूप आणि स्थलनामे अबाधित राहावीत. ध्वनिमुद्रणाची एक प्रत गाणाऱ्याच्या घरी परत जावी. कॅसेट, तिचे वेष्टन आणि वाजविणाऱ्या पथकाची माहिती हे अभ्यासाचे साधन मानले जावे. जळगावच्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात नंदुरबार येते. तेथील महाविद्यालयांत शिकणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरीच हे गाणे आहे. त्यांना 'लोकसाहित्याची लक्षणे' पाठ करावयास लावण्यापूर्वी आजीचे नाव आणि गाण्याचा दिवस लिहावयास सांगणे, हे अधिक शास्त्रशुद्ध शिक्षण ठरेल.

पुनःशोधाचे नायकत्व विद्यापीठीय अभ्यासकाने खुशाल नाकारावे. पण त्याआधी त्याने संग्राहकाची नोंदवही वाचावी. तिच्यातील पहिल्या रकान्यात गाणाऱ्याचे नाव असते. आपल्या बहुतेक संकलनांत तो रकानाच आखलेला नाही.