घाटांत तापणारी गाडी

गेल्या वैशाखांत सहकुटुंब जव्हारास जाण्याचा योग आला. आमची जुनी टर्बो डिझेल व्हॅन सपाटीवर मोठी गुणी. परंतु विक्रमगड सोडून चढ लागतांच उष्णतादर्शक कांटा लाल रेषेकडे सरकूं लागला. गाडी थांबविली, टर्बोचें तेल एकाएकीं तुटूं नये म्हणून दोन मिनिटें इंजिन मंद चालवून मगच बंद केलें. चालक तडक रेडिएटरचें झांकण उघडावयास निघाला. आम्हीं त्याचा हात धरला. दाबाखालचें पाणी शंभर अंशांवर तापूनही उकळत नाहीं. दाब सुटतांच वाफ होऊन तोंडावर उडतें. कुकर वापरणाऱ्या गृहिणींस हें निराळें सांगावयास नको. आणि मुलें शेजारींच उभीं होतीं!

मुक्कामीं पोहोंचल्यावर स्वस्थपणें तपासणी केली. पाणी घटलें नव्हतें, त्यांत बुडबुडेही येत नव्हते. अर्थात् हेडचें गॅस्केट शाबूत. वरची व खालची नळी दोन्ही तापत. म्हणजे थर्मोस्टॅट उघडत होता. पंखाही जोरानें फिरे. मग संशय उरला वाऱ्याच्या वाटेचा. टर्बोची हवा निवविणारा इंटरकूलर आमच्या गाडींत रेडिएटरच्या पुढें आहे. पुढून सारें स्वच्छ दिसे. तो सोडवितांच दोहोंमध्यें कुसळें व तांबडी धूळ यांची गोधडीच निघाली. सपाटीवर वेगाचा वारा कसाबसा पुरे. चढावर इंजिनास काम अधिक व वेग थोडा, म्हणून दोष तेथेंच उघडा पडे. गॅस्केट बदलण्याचा सल्ला देणाऱ्या एका कारागिराचें स्मरण होऊन हंसूं आलें.

मागील बाजूनें पाण्याची हलकी धार सोडून तें सर्व धुतलें. पुढें मोखाड्यावरून त्र्यंबकेश्वराकडे चढतांना कांटा मध्यावरून हलला नाहीं.